लेकीच्या कामाची नोंद

मे महिना आला की आपल्या घरांत पापड-कुरडया, लोणच्याच्या कैऱ्या, लग्नाची आमंत्रणं आणि माहेरवाशिणींची गडबड असते. पण ज्यांच्या घरी विज्ञान शाखेत शिकणारी मुलगी आहे, त्यांच्याकडे अलीकडे या गडबडीत एक नवा विषय येऊन बसलाय. मुलगी जेवताना हळूच सांगते, "आई, मला दीड महिना बाहेर काम करायचंय. इंटर्नशिप आहे. तिचे क्रेडिट मिळणार आहेत." मग प्रश्नांची फैर सुरू होते. पगार देणार का? नाही. परीक्षा आहे का? तशी नाही. कॉलेजात आहे का? नाही, खारघरला आहे, नाहीतर परळला. मग कॉलेजची फी कशाला भरली आपण? आणि सुट्टीत घरात चार कामं पडलेली असताना हे कुठलं नवीन खूळ?

मैत्रिणींनो, हे प्रश्न विचारणाऱ्या आया अडाणी नाहीत. मी ज्या महिला मंडळात काम करते तिथल्या कितीतरी जणी पदवीधर आहेत. पण आपल्या वेळी शिक्षण म्हणजे वर्ग, फळा, नोट्स आणि मार्च-एप्रिलची परीक्षा. मी स्वतः कला शाखेची. वर्षभर पुस्तकं वाचायची आणि तीन तासांत उत्तरपत्रिका भरायची, एवढंच मला ठाऊक. कॉलेजच्या फाटकाबाहेर केलेलं काम गुणपत्रिकेत धरलं जाईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. आता मात्र तसा नियम झाला आहे. तो नियम काय आहे, त्यातून आपल्या मुलींना काय मिळू शकतं आणि कुठे फसगत होऊ शकते, हे आईला माहीत हवं. शेवटी मुलीला ‘जा’ म्हणायचं की ‘नको’ म्हणायचं, हे कॉलेजात नाही, आपल्या स्वयंपाकघरातच ठरतं.

आधी ‘क्रेडिट’ म्हणजे काय ते बघू. सरकारी मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. एखाद्या विषयासाठी विद्यार्थ्याने किती तास काम केलं, त्याचं हे माप. वर्गातल्या व्याख्यानांचे साधारण १५ तास झाले की एक श्रेयांक. प्रात्यक्षिक किंवा प्रत्यक्ष कामाचे ३० तास झाले की एक श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीला असे १२० ते १३२ श्रेयांक लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं आणि महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यानुसार अभ्यासक्रमाची रचना ठरवून दिली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ मध्ये सुरू झाली, बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. या रचनेत क्षेत्र प्रकल्प आहे, समाजात जाऊन करायचं काम आहे आणि ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘ओजेटी’, आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षी ओजेटीला चार श्रेयांक आहेत. म्हणजे १२० तास. एखाद्या मोठ्या पेपराइतकंच वजन झालं हे! एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षालाही असेच चार श्रेयांक ठेवले आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये इंटर्नशिपसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, नोकरीला उपयोगी पडेल असं काम शिकण्याचा. दुसरा, संशोधनाची दृष्टी तयार करण्याचा. जीवशास्त्राच्या मुलींसाठी हा दुसरा प्रकार फार महत्त्वाचा आहे. कारण आता पदवीचं चौथं वर्षही करता येतं, आणि ते ‘ऑनर्स विथ रिसर्च’ म्हणून करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला एम.एस्सी. न करताही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. म्हणजे विसाव्या वर्षी केलेली ती दीड महिन्याची इंटर्नशिप ही वेळ घालवण्याची गोष्ट राहिलेली नाही. संशोधन आपल्याला झेपतं का, आवडतं का, हे मुलीला त्यातूनच कळतं, आणि पुढे मुलाखतीला गेली की तिथले प्राध्यापक पहिला प्रश्न हाच विचारतात, की तू आतापर्यंत स्वतःच्या हाताने काय केलं आहेस?

आता कुणी म्हणेल, कॉलेजात प्रयोगशाळा असते की! असते. आपल्यापैकी ज्या बारावीपर्यंत विज्ञानाला होत्या त्यांना बेडूक कापल्याचं आठवत असेल, ट्रेमध्ये टाचण्यांनी टोचलेला. आता पदवीच्या प्राणिशास्त्रातलं विच्छेदनही अनुदान आयोगाने २०१४ साली थांबवलं, आणि ते योग्यच झालं. पण कॉलेजातले बरेचसे प्रयोग म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले प्रयोग. काचपट्टी दिलेली, आकृती जर्नलमध्ये काढायची, बाईंनी सही करायची. खऱ्या संशोधनात उत्तर कुणालाच माहीत नसतं. पेशी वाढवायला ठेवल्या आणि त्यांत बुरशी लागली तर आठवडा फुकट जातो. का लागली, हात नीट धुतले नव्हते का, हवा कुठून आली, हे शोधत बसावं लागतं. आपलं दही एखाद्या दिवशी लागत नाही तेव्हा आपण विरजणाला दोष द्यायचा की दुधाला की थंडीला, असं एकेक तपासतो ना, तसंच काहीसं. हे शिकायला जिथे रोज खरं काम चालतं तिथेच जावं लागतं.

आणि हे काही आकाशातून पडलेलं नाही. खेड्यापाड्यांत राहणाऱ्या मैत्रिणींनी ‘कृषिकन्या’ पाहिल्या असतीलच. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुली गावात येऊन राहतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचे नमुने घेतात, जनावरांच्या लसीकरणाला हजर असतात. वर्तमानपत्रात त्यांचा फोटोही येतो. तो ‘रावे’ नावाचा कार्यक्रम त्यांच्या पदवीचाच भाग आहे, त्याचे श्रेयांक मिळतात. मुलगी डॉक्टर होत असेल तर इंटर्नशिपला रात्रपाळी करते, तेव्हा आपण अभिमानाने सांगतो. नर्सिंगच्या मुली पहिल्या वर्षापासून वॉर्डात उभ्या असतात. मग बी.एस्सी.च्या मुलीनेच घरी का बसावं? आजवर तिच्या बाहेरच्या कामाची नोंद कुठे होत नव्हती, म्हणून ते ‘जास्तीचं’ वाटत होतं. आता नोंद होते.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना यात भाग्यवानच म्हणायला हवं. अंधेरीला वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. मुलुंडला वझे-केळकर महाविद्यालय चालवणाऱ्या ट्रस्टचं स्वतःचं वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. गोरेगावला फिल्मसिटीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ही संस्था तर १८८३ सालची. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख करून देणारा ‘एनआययूएस’ हा राष्ट्रीय उपक्रम २००४ साली सुरू झाला आणि त्यात जीवशास्त्रही आहे. परळला हाफकिन आहे, प्रजनन आणि बालआरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. खाडी ओलांडली की खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र आहे. गाडी बदलत, डबा सांभाळत, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल अशा अंतरावर हे सगळं. सांगली, बीड किंवा चंद्रपूरच्या मुलीला यातल्या एकेका ठिकाणासाठी आधी राहायची जागा शोधावी लागते.

अशा कामातून काय उभं राहतं याचं एक उदाहरण आमच्या अगदी दाराशी आहे. बोरिवली, मुलुंड, गोरेगाव आणि ठाणे यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. मुलुंड आणि भांडुपच्या डोंगराकडच्या वस्त्यांमध्ये बिबट्या आला की घबराट व्हायची. बिबटे किती आहेत, तर कुणी शंभर सांगायचं, कुणी आणखी काही. २०१५ साली निकीत सुर्वे या तरुणाने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या आपल्या एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. ते जुळवून त्याने मोजणी केली, तेव्हा उद्यानात आणि आजूबाजूला ३५ बिबटे असल्याचं दिसलं. त्यांच्या विष्ठेचा अभ्यास केल्यावर समजलं की त्यांच्या खाण्यात सुमारे पाव हिस्सा कुत्र्यांचा आहे. म्हणजे आपण कचरा उघड्यावर टाकतो, कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. वस्तीत सभा घेऊन ‘कचरा उघड्यावर टाकू नका’ म्हणून सांगताना आमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या हातात आता नुसता उपदेश नाही, त्यामागे मोजणी आहे. आणि ती मोजणी झाली ती एका विद्यार्थ्याच्या पदवीच्या कामातून.

मग अडतं कुठे? खरं सांगू? पुष्कळदा घरात अडतं. मुलगा असला की ‘जाऊ दे, चार माणसांत वावरेल’ म्हणतो. मुलीच्या वेळी आपण नकाशा काढून बसतो. लांब आहे, गाडीला गर्दी असते, उन्हाचं कशाला, पाहुणे येणार आहेत, बघायला येणार आहेत. मग ती बिचारी घराजवळच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाते. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, पावत्या फाडते. काहींच्या बाबतीत तेवढंही होत नाही. ओळखीने सही-शिक्का मिळतो आणि १२० तास कागदावर भरले जातात. श्रेयांक मिळाले, आई खूश, कॉलेज खूश. पण मुलीच्या हाती काय आलं? पुढे एम.एस्सी.च्या प्रवेशाला तिच्या शेजारी बसलेल्या मुलाने खरोखर दोन महिने प्रयोगशाळेत काढलेले असतात. गुणपत्रिकेत दोघांचे चार-चार श्रेयांक सारखेच दिसतात. तोंड उघडलं की मात्र फरक कळतो.

घरोघरच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. कामावर जाणाऱ्या आईची मोठी मुलगीच सुट्टीत घर सांभाळते, हे मी रोज पाहते. रेल्वेचा सवलतीचा पास घर ते कॉलेज असा असतो. प्रयोगशाळा दुसऱ्या दिशेला असली तर खर्च खिशातून. बहुतेक ठिकाणी विद्यावेतन मिळत नाही. म्हणून नुसतं ‘मुलींनो, भरारी घ्या’ म्हणण्यात अर्थ नाही. पण शिकवणीच्या वर्गांना आपण जे हजारो रुपये मोजतो, त्यातला छोटा हिस्सा या प्रवासाला द्यावा असं मला वाटतं. आणि घरातली कामं दीड महिना तिच्या भावाने केली तर काही बिघडत नाही.

इथे मला कमला सोहोनींची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दुर्गा भागवत आपल्या सगळ्यांना ठाऊक. कमला ही त्यांची धाकटी बहीण. जन्म १९११ चा. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन १९३३ साली तिने बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तिचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, तेव्हा घरातून पाठिंबा होता. पण संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन, आणि त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमला हटली नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. त्यातली मुख्य अट अशी, की पहिलं एक वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. तिच्या कामाबद्दल संचालकांचं समाधान झालं तरच त्याला मान्यता मिळेल. म्हणजे वर्षभर राब, नोंद व्हायची की नाही ते नंतर बघू!

तिने ते वर्ष काढलं. काम इतकं चोख होतं की मान्यता द्यावीच लागली. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर तिने अभ्यास केला. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली पीएच.डी. मिळवली, परत येऊन मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवलं, नीरेतल्या पोषक द्रव्यांवर संशोधन केलं, आणि त्याच संस्थेच्या संचालकपदापर्यंत कमलाबाई पोचल्या. ग्राहक चळवळीतही त्या होत्या. १९६६ साली मुंबईत सुरू झालेल्या ग्राहकांच्या संघटनेच्या संस्थापक सदस्यांमध्ये त्यांचं नाव आहे. भेसळ ओळखायला बायकांना शिकवणारी ती पिढी.

ही गोष्ट आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, आणि कौतुकाचीच आहे. पण मला तिच्यातलं दुसरं काहीतरी टोचतं. काम आधी करून घ्यायचं आणि त्याचं श्रेय द्यायचं की नाही हे वरच्या माणसाच्या मर्जीवर ठेवायचं, ही रीत बायकांना नवी नाही. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबारावर नसतं. घरगुती धंद्यात हात बाईचा असतो, पाटी नवऱ्याच्या नावाची. कमला सोहोनींना ती अट मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपल्या मुलींना आहे. आज नियम त्यांच्या बाजूने आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मुलीने कामाला लागण्याआधी त्या कामाची नोंद कशी होणार हे लेखी ठरवून घ्यावं.

हे कसं करायचं? एक गोष्ट नीट समजून घ्या. बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र म्हणजे श्रेयांक नव्हेत. श्रेयांक देणार आपलं कॉलेज आणि विद्यापीठ. संस्था फक्त मुलीने काय काम केलं, किती तास केलं आणि कसं केलं ते लिहून देते. तेव्हा आधी कॉलेजच्या विभागप्रमुखांना भेटून, हे काम आणि ही संस्था श्रेयांकांसाठी चालेल का, ते विचारायचं आणि मंजुरी कागदावर घ्यायची. कॉलेजातले एक मार्गदर्शक ठरलेले असावेत आणि संस्थेतले एक पर्यवेक्षक. मुलीने रोजच्या कामाची वही ठेवायची: तारीख, वेळ, काय केलं, काय दिसलं. शेवटी अहवाल आणि तोंडी परीक्षा. मिळालेले श्रेयांक २०२१ साली सुरू झालेल्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधल्या तिच्या खात्यात जमा झाले का, हे बघायचं. बँकेच्या पासबुकात व्याज जमा झालं का ते आपण बघतोच ना! हे श्रेयांक सात वर्षं टिकतात. मध्येच लग्न झालं, बाळंतपण आलं, शिक्षण थांबलं, तरी त्या मुदतीत परत येऊन पुढे शिकता येतं. आपल्या मुलींच्या आयुष्यात शिक्षण का आणि केव्हा थांबतं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ही सोय आयांनी तर पक्की लक्षात ठेवावी.

दुसरं, पैसे मागणाऱ्यांपासून सावध. मोबाईलवर जाहिराती येतात: घरबसल्या जैवतंत्रज्ञानाची इंटर्नशिप, अमुक रुपये भरा, आठवड्यात प्रमाणपत्र. अहो, पेशी काय मोबाईलवर वाढतात? काही नामवंत संस्थाही प्रशिक्षणासाठी शुल्क घेतात हे खरं. पण तिथे जागा असते, माणसं असतात, वेळापत्रक असतं. पैसे भरण्यापूर्वी कॉलेजला विचारा, हे ग्राह्य धरणार का? उत्तर तोंडी नको, कागदावर हवं.

तिसरं, सुरक्षितता. आयांच्या मनातला मुख्य प्रश्न हाच असतो, फक्त तो बोलला जात नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली आला. तो पगारी बाईपुरता नाही. प्रशिक्षणार्थी मुलीलाही, तिला एक पैसा मिळत नसला तरी, तो लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. शिवाय अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत ‘कॉलेजचं आवार’ या शब्दाची व्याख्या मोठी केली आहे. शैक्षणिक सहल, क्षेत्रभेट आणि इंटर्नशिपची जागाही त्यात धरली आहे. म्हणजे खारघरच्या प्रयोगशाळेत किंवा जंगलातल्या पायवाटेवर काही घडलं तर ‘ते आमच्या आवारात झालं नाही’ असं कॉलेजला म्हणता येत नाही. समितीच्या प्रमुख बाईंचं नाव आणि फोन मुलीकडे पहिल्या दिवसापासून असावा. मुलीला घरी ठेवणं हा सुरक्षिततेचा उपाय नाही. तिला हे सगळं ठाऊक असणं हा आहे.

आता लहान गावांतल्या मैत्रिणी म्हणतील, तुमचं ठीक आहे हो, तुमच्या लोकलच्या वाटेवर संस्थाच संस्था. आमच्याकडे काय? तर आजूबाजूला नजर टाका. रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेरा रोगावर संशोधन करणारं केंद्र आहे. राजगुरुनगरला कांदा-लसणावर, सोलापूरला डाळिंबावर, नागपूरला संत्री आणि कापसावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्था आहेत. जळगावला ऊतिसंवर्धनातून केळीची रोपं तयार होतात. दूध संघात दुधाची तपासणी होते, साखर कारखान्यात प्रयोगशाळा असते, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. २०२० च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर अचानक गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधून काढलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. संशोधनाचा विषय गावाच्या वेशीवरही असतो, तो असा. आपल्या गावच्या विहिरींचं पाणी वर्षभर महिन्या-महिन्याला तपासलं, तरी तो पदवीच्या मुलीचा चांगला प्रकल्प होईल, आणि पाणी भरणाऱ्या बायकांच्या उपयोगी पडेल ते वेगळंच.

अर्थात या संस्थांनी दारं उघडली पाहिजेत, आणि ती उघडून घेणं हे एकट्या विद्यार्थिनीचं काम नाही. इथे मला सरकार आणि विद्यापीठांना बोल लावावासा वाटतो. नियम सगळ्यांना सारखा केला, पण सोय सारखी केली नाही. तालुक्याच्या कॉलेजातल्या एकेका प्राध्यापकावर डझनावारी मुलांसाठी जागा शोधण्याचं काम पडतं, तेही शिकवणं, पेपर तपासणं आणि निवडणुकीची कामं सांभाळून. मग सही-शिक्क्याचा मार्ग सोपा वाटतो. विद्यापीठाने जिल्ह्यातल्या सरकारी आणि सहकारी प्रयोगशाळांशी स्वतः करार करावेत, मुलींच्या राहण्यासाठी शासकीय वसतिगृहांत सुट्टीपुरत्या खाटा ठेवाव्यात आणि एसटी-रेल्वेची विद्यार्थी सवलत प्रशिक्षणाच्या जागेपर्यंत द्यावी. या काही फार खर्चाच्या गोष्टी नाहीत. हे झालं नाही तर शहरातली मुलगी खरं काम शिकेल आणि गावातली नुसता कागद घेऊन येईल, आणि दोघींची पदवी एकच म्हणवली जाईल.

तोवर आपल्या हातात काय आहे? जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की पालकसभा होते. बहुतेक ठिकाणी तिला चार-दोन वडील येतात आणि फी, हजेरी बोलून उठतात. यंदा आपण जाऊ या. वही घेऊन जाऊ या आणि विचारू या: माझ्या मुलीला बाहेरच्या कामाचे किती श्रेयांक आहेत आणि कोणत्या सत्रात? मागच्या वर्षीच्या मुली कुठे-कुठे गेल्या होत्या? मंजुरीचा अर्ज कुणाकडे आणि कधी द्यायचा? तिथे काही अडचण आली तर कॉलेजातल्या कुठल्या बाई तिचा फोन उचलतील? मोठ्या संस्थांच्या उन्हाळी जागांसाठी हिवाळ्यातच अर्ज मागवले जातात, म्हणून मे उजाडायची वाट बघून चालणार नाही. दिवाळीचा फराळ संपला की मुलीला आठवण करायची.

आणि मुलगी पहिल्या दिवशी दमून, उशिरा, पायांत गोळे आलेली घरी परतली, तर ‘कशाला एवढी धावपळ’ म्हणायच्या आधी तिला विचारा, "आज काय केलंस गं?" तिचं सगळं बोलणं आपल्याला कळेलच असं नाही. मला तरी निम्मं कळणार नाही. पण ती सांगेल, आणि सांगता सांगता रोजची वही लिहायला बसेल. तिच्या कामाची ती पहिली नोंद.